हिडिंबेच्या खांद्यावरचा डाग

वाचनालयाचे चिटणीस तिला रिक्षातून घेऊन आले,
आडवी, सतरंजीत गुंडाळून,
दवाखान्यात नेतात तशी.
काच फुटलेली, चौकटीला वाळवी.
"हाऊ खांदावरना डाग बी काढी टाक," म्हणाले
आणि चहाला गेले.

मी सुतळी कापली, सतरंजी उलगडली.
खाली कोपऱ्यात सही: र. दा. भावसर, एरंडोल, १९५१.

एरंडोल म्हणजे एकचक्रा, हे आम्ही पाळण्यापासून ऐकतो.
इथे भीम जेवला, गाडाभर भात,
इथून जाऊन त्याने बकासुर मारला,
पद्मालयाच्या रानात कोपराने कुंड पाडलं.
गावाला त्याचं जेवण पाठ आहे.
पण वेशीतून आत येण्याआधी
तो कुणाला मागे सोडून आला,
हे भावसर मास्तरांशिवाय कुणी विचारलं नाही.

मास्तर मुंबईला चित्रकला शिकले
प्लास्टरच्या देवांसमोर स्टुलावर बसून.
परके देव, पांढरे, काहींना हातच नाहीत.
चार वर्षं त्यांच्या मांड्या, त्यांच्या मानेचा बाक.
म्हणून भीम हा असा:
साय धरल्यासारखी छाती,
एक गुडघा बेताने दुमडलेला,
धोतराच्या चुण्या पन्हाळीच्या धारेसारख्या सरळ,
आणि चेहऱ्यावर दुःख तेवढंच
जेवढं प्लास्टरला परवडतं.

कडेला कुंती. तिचा फक्त कोपर चित्रात आलाय
आणि वर केलेलं एक बोट:
चला. उशीर होतोय.

हिडिंबा मात्र पुतळ्यावरून काढलेली नाही.
तिच्या टाचेला भेगा आहेत.
दंडावर विंचू गोंदलेला.
कडेवरच्या पोराचं डोकं मडक्यासारखं गुळगुळीत,
त्याच्या वजनाने ती डावीकडे कलली आहे,
जशा बाया कलतात, कुणी शिकवत नाही.

वडील सांगायचे, सातपुड्यातून एक पावरा बाई
आठवडे बाजाराला चारोळी घेऊन यायची.
मास्तर दर खेपेला मापटंभर घ्यायचे.
एकट्या माणसाला एवढी चारोळी कशाला,
यावर तेव्हा आमच्या दुकानात हसणं व्हायचं.
तिचं नाव कुणी ठुमली सांगतं, कुणी रायली.
पुढे ती यायची थांबली.
हसणारेही आता राहिले नाहीत.

ती रडत नाही.
भीमाच्या तोंडाकडे बघतही नाही,
त्याच्या पायांकडे बघते.
रानातली माणसं जाणाऱ्याचे पाय बघून घेतात.
ठसा ओळखायला नंतर कामी येतो.

मी कापूस ओला केला, डाग पुसला, हलक्या हाताने.
निघेना.
बल्ब खाली ओढला.
डाग नव्हता तो. हात होता.

तेलरंग म्हातारा झाला की विरतो,
खाली झाकलेलं वर दिसू लागतं.
आधी मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात काढला होता.
मग काय वाटलं कोण जाणे,
त्यावर संध्याकाळचा तांबूस रंग ओढला
आणि भीमाचा हात हवेत उचलला, निरोपाला शोभेल असा.

पण खालचा हात भीमाचा नाही.
मनगट किती बारीक.
मधल्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा.
माझ्याही आहे तिथेच,
काच कापायच्या हिऱ्याने पडलेला.

चिटणीस आले. "गया का डाग?"
म्हटलं, जुना आहे, धरून बसलाय.

पावती केली:
सागाची पट्टी बारा फूट, काच, चुका, हूक दोन.
डाग...
इथे पेन अडलं. झटकलं.
डाग तसाच. त्याचे पैसे नाहीत.

ते परत सतरंजी गुंडाळायला लागले, तेव्हा मात्र बोलले:
आडवी नका नेऊ तिला.
उभी धरा.